अर्जावरचा पहिला नंबर

केंदूरमध्ये गेल्या खंडेनवमीपासून माझ्याविषयी तीन गोष्टी सांगितल्या जातात. पहिली अशी की, माझ्यामुळे लष्कराचे हेलिकॉप्टर गावावर घिरट्या घालून गेले. दुसरी, पुतणीचे संकटसूचक यंत्र मीच चालू केले. तिसरी, मला नव्या उपकरणांचे वावडे असल्याने मी त्या मुलीला आरसा आणि शिट्टी देऊन डोंगरात पाठवले. तिन्ही खोट्या आहेत. हेलिकॉप्टर आले नाही. त्या दिवशी केंदूरच्या आकाशात घारींखेरीज काहीही उडत नव्हते. उरलेल्या दोन गोष्टींचा खुलासा पुढे येईलच. चौथी एक गोष्ट आहे, ती कोणी सांगत नाही, कारण माझ्याखेरीज कोणाला ती सांगण्याजोगी वाटलेली नाही. हा मजकूर मुख्यतः तिच्यासाठी लिहिला आहे.

मी हवाई दलात सेफ्टी इक्विपमेंट विभागात होतो. वैमानिकाचे पॅराशूट आणि त्याच्या बैठकीखालची जीवरक्षक पेटी तपासून बांधणे हे माझे काम. उडणाऱ्यांची छायाचित्रे छापून येतात. बांधणाऱ्याची फक्त सही असते, पेटीतल्या कार्डावर. ती सही वाचण्याची वेळ ज्याच्यावर येते तो माणूस त्या क्षणी जंगलात असतो किंवा समुद्रात. हे लक्षात ठेवून मी आयुष्यभर सही केली. निवृत्तीनंतर दौंडला घर घेतले. धाकटा भाऊ केंदूरलाच राहिला. कांदा आणि झेंडू करतो. त्याची मुलगी वैमानिक झाली. ईशान्येकडच्या डोंगरांत लहान विमानाने औषधे आणि धान्य पोचवते. तिथल्या धावपट्ट्या दरीच्या काठावर संपतात आणि ढग खाली आले की परतीची वाट दिसत नाही.

नोकरी लागली तेव्हा ती दौंडला आली आणि म्हणाली, "आप्पा, कंपनीची पेटी विमानात असते. पण माझी स्वतःची एक तुम्ही भरून द्या. फक्त सिग्नलचं सामान."

मी म्हणालो, "विमानातली पेटी विमानाबरोबर जळते. तुझ्या अंगावर जे राहील तेवढंच तुझं."

त्या दिवसापासून तीन महिने मी दुसरे काही केले नाही. प्रत्येक वस्तू हातात घेऊन, वापरून, टाकून देऊन निवडली. आरसा काचेचा घेतला, मध्ये नेम धरायचे छिद्र असलेला. प्लॅस्टिकचा आरसा ओरखडे पडून वर्षभरात आंधळा होतो. शिट्टी बिनगोळीची, कारण आतली गोळी थंडीत थुंकी गोठून अडकते. भगव्या रंगाचे कापड, दोन हात लांब. हिरव्या जंगलात तो रंग उठून दिसतो. रात्रीसाठी लुकलुकणारा दिवा. हातात धरून पेटवायची लाल मशाल मी निवडली होती. पण ती प्रवासी विमानातून नेता येत नाही म्हणून ती तिच्या तळावरच ठेवण्याची व्यवस्था केली. आणि या सगळ्यांच्या आधी, यादीत पहिल्या क्रमांकावर, बीकन. मुठीत मावणारे पिवळे यंत्र. त्याचा अँटेना उभा करून बटण दाबून धरले की उपग्रहामार्फत यंत्राचा क्रमांक आणि ठिकाण नियंत्रण केंद्राला कळते. यादी अजून माझ्याजवळ आहे. तिसरी गोष्ट पसरवणाऱ्यांनी दौंडला येऊन ती वाचावी.

ती गोष्ट कोठून उगवली हे मला ठाऊक आहे. माझा पुतण्या, म्हणजे त्या मुलीचा भाऊ, रांजणगावच्या कारखान्यात आहे आणि कारेगावला राहतो. उपग्रहावरून संदेश पाठवता येणारा परदेशी फोन कोणाकडून तरी मागवायचे त्याच्या डोक्यात होते. परवानगीवाचून तसला फोन बाळगणे आपल्याकडे गुन्हा आहे, हे मी त्याला सांगितले. वैमानिकाच्या पिशवीत बेकायदा वस्तू घालून तिची नोकरी घालवायची काय, असेही विचारले. त्याने कंपनीच्या बसमध्ये सांगितले की आमच्या आप्पांना नवीन काही चालत नाही.

आरशाची चाचणी आम्ही केंदूरच्या टेकडीवर घेतली. पुतणी खाली शेततळ्याच्या बांधावर आरसा घेऊन उभी होती, मी वर, आणि पुतण्या माझ्याजवळ खडकावर बसून थट्टा करीत होता.

"आप्पा, ईमान पडल्याव ताई काय भांग पाडत बसनार व्हय?"

"तिकडे बघ," मी म्हणालो.

"बघतो की. काय दिसतंय? ताई दिसतीय."

तेवढ्यात तिचा नेम लागला. इतक्या लांबून आलेला तो प्रकाश थेट त्याच्या तोंडावर आदळला आणि तो दोन्ही हातांनी डोळे झाकून खडकावरून घसरला.

"आयला, आप्पा, सांगा तिला बास कर म्हनून. डोळं गेलं माझं."

तो प्रसंग त्याने बसमध्ये सांगितल्याचे ऐकिवात नाही.

आता अर्जाकडे येतो. बीकन विकत घेऊन भागत नाही. त्याची नोंदणी करावी लागते आणि नोंदणीच्या अर्जात संकटप्रसंगी कोणाला फोन करावा ते लिहावे लागते. सर्वसामान्य समज असा की यंत्र चालू झाले की विमाने निघतात. तसे होत नाही. केंद्र आधी अर्जावरच्या पहिल्या नंबरला फोन करते आणि विचारते, ही व्यक्ती आत्ता कोठे आहे, खरोखर संकटात आहे का. त्या एका उत्तरावर पुढचे तास अवलंबून असतात. अर्थात पहिला नंबर माझा असणार होता. अर्जाचा मसुदा मी माझ्या अक्षरात भरला, माझा नंबर पहिल्या रकान्यात लिहिला आणि तिच्या हाती दिला. नोंदणी ती इंटरनेटवरून करणार होती. आठवड्याने मी फोनवर विचारले, "अर्ज भरलास?"

"भरला, आप्पा."

या दोन शब्दांवर मी पुढचे सव्वा वर्ष काढले.

ते वर्ष कसे काढले ते मी आजवर कोणाला सांगितले नव्हते. फोन माझ्या सदऱ्याच्या खिशात असे. आंघोळीला गेलो तर खिडकीत. दौंडच्या घराच्या मागच्या खोलीत रेंज येत नाही म्हणून मी पलंग पुढच्या खोलीत आणला. ज्या गावांत फोन लागत नाही तिकडच्या लग्नांना गेलो नाही. अनोळखी नंबर आला की मी उभा राहून उचलत असे. बहुतेक वेळा कर्ज हवे का असे विचारणारी एखादी मुलगी असायची, आणि मी तिलाही "थँक यू" म्हणून फोन ठेवायचो. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू पिकला होता. डॉक्टरांनी दोनदा तारीख दिली. ऑपरेशनच्या वेळी फोन बाहेर ठेवावा लागेल, असे नर्सने सांगितले. मी दोन्ही तारखा रद्द केल्या. डाव्या डोळ्याने मला माणसाचा चेहरा दिसेनासा झाला तरी मी थांबलो, कारण माझ्या हिशेबाने माझ्यापेक्षा महत्त्वाचे कोणी तरी डोंगरात उडत होते आणि तिच्या नावापुढे माझा नंबर होता.

गेल्या दसऱ्याला ती रजेवर आली. पेटीची, म्हणजे तिच्या अंगावरच्या पिशवीची, वार्षिक तपासणी करायची म्हणून मी खंडेनवमीच्या सकाळी केंदूरला पोचलो. अंगणात भावाने गोणपाट अंथरले होते. त्यावर विळे, खुरपी, फवारणीचा पंप, पान्हे, पुतण्याचे कारखान्यातले मोजमापाचे व्हर्नियर आणि माझ्या भावजयीचा मिक्सर, असे सगळे ओळीने मांडलेले. बाजूला झेंडूच्या माळा घातलेला ट्रॅक्टर. मी पुतणीच्या पिशवीतल्या वस्तू पांढऱ्या फडक्यावर काढल्या, तोच भाऊ म्हणाला, "दादा, तिची हत्यारं बी मांडा की. ती काय भाड्यानं आनलीत?"

आरशावर कुंकू लागेल म्हणून मी आधी नाही म्हणालो. मग प्रत्येक वस्तूच्या पाठीला गंध लावायचे, या अटीवर कबूल झालो. येथपर्यंत दुसऱ्या गोष्टीत तथ्य आहे आणि ते मी लपवीत नाही.

ज्यांनी आमच्याकडची खंडेनवमी पाहिली आहे त्यांना माहीत असेल की पूजा झाली, नारळ फुटला, की प्रत्येक यंत्र एकदा चालू करतात. रांजणगावच्या कारखान्यांतही तोच प्रघात. पुतण्याच्या विभागात मोठ्या प्रेसचा एक ठोका मारून मगच पेढे वाटतात. आमच्या अंगणातही तसेच झाले. भावाने ट्रॅक्टर सुरू केला. पुतण्याने मोटारसायकलला किक मारली. भावजयीने मिक्सर क्षणभर रिकामा फिरवला. मग सगळे माझ्याकडे बघू लागले. मी शिट्टी वाजवली, दिवा लुकलुकवून दाखवला आणि बीकनची अंतर्गत चाचणी घेतली. या चाचणीचे बटण वेगळे असते. एक हिरवा उजेड चमकतो आणि बाहेर काहीही जात नाही. त्या वेळी मी एक वाक्य बोललो, "जे यंत्र एकदा चालवून बघितलं नाही, ते यंत्र नव्हेच." वाक्य माझे आहे. मी ते नाकारत नाही.

"मग खरं चालू कसं करायचं, दादा?" भावाने विचारले.

मी त्याला सांगितले. सील तोडायचे, अँटेना उभा करायचा, लाल बटण दाबून धरायचे. सांगितले, करून दाखवले नाही. हा फरक बारीक आहे असे माझ्या भावाला वाटते. मला वाटत नाही. त्यानंतर मी आरशाच्या कडेला लागलेले गंध धुवायला घरामागच्या नळावर गेलो. पुतणी आणि पुतण्या दसऱ्याची फुले तोडायला झेंडूच्या पट्टीत गेले. परत आलो तर गोणपाटावर बीकनचा अँटेना आकाशाकडे उभा होता, पांढरा दिवा ठरावीक अंतराने चमकत होता आणि भाऊ कौतुकाने हात जोडून उभा होता.

"कुणी केलं हे?"

"म्या. समदी चालू केली, तिचंच तेवढं ऱ्हायलं हुतं. सनाच्या दिवशी पोरीचं हत्यार बंद ठेवायचं व्हय?"

त्याचा हेतू मला समजतो. पण आज तोच म्हणतो, "दादानं दाखवलं तसं झालं," आणि ऐकणारा मला दोषी धरतो.

मी यंत्र बंद केले. पाच-सात मिनिटे ते चालू राहिले असावे. भावाचे म्हणणे, छे, एवढुसं. असो. मला नियम माहीत होता: संदेश पोचला असेल तर केंद्राचा फोन येणार, आणि तो उचलून चूक कबूल करायची. मी सदऱ्याची बटणे लावली. फोनचा आवाज पूर्ण वाढवून तो समोरच्या स्टुलावर ठेवला. चष्मा लावला. ट्रॅक्टर बंद करायला लावला. काय बोलायचे ते मनात हिंदीत आणि इंग्रजीत जुळवले. भावाला सांगितले, "आता फोन येईल. मी बोलेन. कोणी मध्ये तोंड घालू नका." खरे सांगायचे तर मला थोडा आनंदही झाला होता. सव्वा वर्ष ज्या फोनची धास्ती होती तो येणार होता, आणि ती सुखरूप असताना येणार होता.

फोन वाजला. माझा नाही. स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यावर ठेवलेला भावजयीचा.

तिचा स्वर दारातून स्पष्ट ऐकू येत होता. "हां, बोलिये... व्हय, मीच तिची आई... न्हाई, न्हाई, उडत न्हाई ती. सुट्टी पर आई है. घर में है... हां साब, पक्का. हितनं दिसतीय मला. खिडकी से दिखती है. पिवळी ओढणी है, फूल तोडती है... उन्नीस तारीख को जायेगी वापस... वो मशीन? वो हमारे मालक ने चालू किया, पूजा में. गलती हुआ... हां. हां साब. आपको भी दसऱ्याची शुभेच्छा."

एक मिनिटही लागले नाही. ती बाहेर आली, पदराला हात पुसले आणि माझ्याकडे न बघता नवऱ्याला म्हणाली, "ते म्हनले, परत करू नका. चांगला मानूस हुता."

माझा फोन स्टुलावर तसाच होता. मी त्याचा आवाज कमी केला.

पुतणी फुलांची पाटी घेऊन आली तेव्हा मी अंगणातच बसलो होतो. मी विचारले, "पहिला नंबर कोणाचा?"

तिने पाटी खाली ठेवली. काय झाले ते आईच्या चेहऱ्यावरून तिला कळले असावे. "आईचा."

"दुसरा?"

"तळावरच्या मॅनेजरचा."

"आणि माझा?"

"तिसरा रकाना नसतो, आप्पा."

"मी लिहून दिलेल्या अर्जात माझा नंबर पहिला होता. मी विचारलं तेव्हा तू भरला म्हणालीस."

"भरला होता. तुम्ही कुणाचा नंबर ते विचारलं नाही."

या उत्तराने मला सर्वांत जास्त राग आला, कारण ते उत्तर माझेच असायला हवे होते. वाद घालायला तिला मीच शिकवले. तीच पुढे बोलू लागली. "आप्पा, पहिल्या महिन्यात मी तुम्हाला फोन केला होता, आठवतं? ढग होते म्हणून दुसऱ्या पट्टीवर उतरले, एवढंच सांगायला. तुम्ही पाऊण तास विचारत बसलात. इंधन किती होतं, आधीच का नाही वळलीस, नकाशा उघडून बसलात. केंद्राचा माणूस तुम्हाला विचारील, मुलगी कुठं आहे, आणि तुम्ही आधी त्याला पटवून द्याल की यंत्रात बिघाड नसणार, कारण ते तुम्ही निवडलंय."

"मी असं केलं नसतं."

"आत्तासुद्धा तुम्ही तेच करताय."

भाऊ मध्ये पडला. "दादा, सोडा आता. सनाचा दिस हाय."

मी सोडले नाही. मी तिला विचारले की मी ऑपरेशन दोनदा रद्द केले, हे तिला माहीत होते का. तिने मान खाली घातली. पुतण्याने तिला सांगितले होते. कारणही तिने ओळखले होते.

"मग तेव्हा तरी सांगायचंस."

"तुमच्या मनाला लागलं असतं, आप्पा."

मला त्यावर एवढेच म्हणायचे आहे. माझा नंबर न देणे हा तिचा अधिकार होता. उडणारी ती, जीव तिचा. पण ती जागा माझी नाही हे ठाऊक असताना मला सव्वा वर्ष तिथे उभे राहू दिले, त्याला मी फसवणूक म्हणतो. घरात कोणालाही हा शब्द आवडत नाही. त्यांच्या मते ती काळजी होती.

मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. चुलीजवळच्या भिंतीवर दिनदर्शिका होती. तिच्या चौकोनांत पेन्सिलीने आकडे लिहिलेले मी वर्षभर पाहत आलो होतो: सहा चाळीस, सात पंचावन्न, पुढे एक फुली. शेतीची वीज आठवडा दिवसा, आठवडा रात्री येते. मोटार चालू करण्याच्या वेळा असाव्यात, असे मी धरून चाललो होतो. त्या दिवशी उजवा डोळा जवळ नेऊन पाहिले. चालू आठवड्याचे चौकोन कोरे होते. मुलगी घरी होती.

"हे काय आहे?" मी भावजयीला विचारले.

"ती निघाया आधी येळ सांगती. उतरली की परत सांगती. मग म्या फुली मारती." ती भाकरी थापत होती. "मला कुटं काय कळतंय त्यातलं, भावजी. निघाली आन् उतरली, एवढंच."

मी पाणी न पिता बाहेर आलो.

सील तुटलेले बीकन दुरुस्ती केंद्राकडे पाठवून पुन्हा सीलबंद करून घ्यावे लागले. ते काम मीच केले. तिच्या रजेच्या शेवटच्या दिवशी ते परत आले आणि ती पेटी न्यायला दौंडला आली. मी तिच्यासमोर प्रत्येक वस्तू तपासली, पिशवीत बसवली आणि कार्ड बाहेर ठेवले. ती कार्डाकडे पाहत राहिली. विनासहीची पेटी उडत नाही, हे मीच तिला शिकवले होते. मी सही केली. ती माझ्या पाया पडली. मी आशीर्वादाचे शब्द उच्चारले, त्याहून अधिक काही बोललो नाही. स्टेशनवर सोडायला गेलो नाही.

दिवाळीनंतर मी डोळ्याचे ऑपरेशन करून घेतले. रुग्णालयाच्या खिडकीत एक अर्ज भरावा लागला आणि त्यात तोच रकाना होता, तातडीच्या प्रसंगी कोणाला कळवावे. पेन हातात धरून मी बराच वेळ उभा राहिलो. मागच्या माणसाने "आबा, आवरा की" म्हटले. मी एक नंबर लिहिला, फोन बंद करून नर्सच्या हाती दिला आणि आत गेलो.

आता केंदूरमध्ये आणि तिच्या तळावरही एक नवी गोष्ट फिरते आहे. आप्पांनी रुग्णालयात पुतणीचा नंबर लिहिला, म्हणजे त्यांचा राग गेला, असे ती स्वतः आनंदाने सांगते. तेही खोटे आहे. ऑपरेशन झाल्याचा फोन पिठाच्या डब्यावर वाजला होता. भावजयीने तो उचलला, "व्हय" म्हणाली, चार वाजता पुतण्याला मला न्यायला पाठवले आणि कोणाला काही बोलली नाही. नंबर कोणाचा लिहिला, हे पुतणीने मला विचारलेले नाही.